नजरेला एकच ठाव

फॅशन छायाचित्रण आणि जाहिरातकला यांतील साधेपणा : लोकमाहितीच्या कामासाठी एक अभ्यास

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तास-सव्वा तासाने अलिबाग तालुक्यातील रेवस बंदराला लागते. उतरणाऱ्यांच्या हातांत पिशव्या असतात, डोक्यावर पाट्या, कडेवर मुले. आणि बहुतेकांचे लक्ष अलिबागच्या एस. टी. गाडीकडे लागलेले असते. धक्क्यापासून गाडीपर्यंतच्या वाटेवर जी सूचना, जे भित्तिपत्रक किंवा जी जाहिरात लावलेली असेल, तिच्या वाट्याला प्रवाशाची नजर येते ती फार तर दोन-तीन सेकंद. तेवढ्या अवधीत लसीकरणाची तारीख, ग्रामसभेची वेळ किंवा पीकविम्याची मुदत त्याच्या मनात उतरावयाची असते. कोकण किनाऱ्यावरील कोणताही धक्का घ्या, आठवड्याचा बाजार घ्या किंवा पंचायतीच्या कचेरीची ओसरी घ्या, स्थिती फारशी वेगळी नसते. सूचना लावली जाते, तशी नोंद होते आणि कागदोपत्री प्रसिद्धीचे काम पूर्ण होते. ती कोणी वाचली काय, या प्रश्नासाठी नोंदवहीत रकानाच नसतो.

याच किनाऱ्यावर एक सूचना मात्र अशी आहे की, ती लावली आणि वाचली गेली नाही असे सहसा होत नाही. ती म्हणजे वादळाचा बावटा. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीनुसार बंदरांसाठी एकूण ११ इशारे ठरविलेले आहेत. नावाने तो बावटा असला तरी दिवसा तो शंकू व दंडगोल यांच्या आकृत्यांनी आणि रात्री तांबड्या व पांढऱ्या दिव्यांनी दाखवावयाचा असतो. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे शब्द कोळीवाड्यात पुरेसे होतात. वादळी वाऱ्याचा उपद्रव आता खुद्द बंदरालाच संभवतो, होडी आत लोटू नये, हा सारा मजकूर त्यात येऊन जातो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ज्या किनाऱ्याने हे पाहिले आहे तेथे एका नजरेत कळणाऱ्या खुणेचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

बावट्याच्या अंगी हे सामर्थ्य कोठून आले? तो एकच गोष्ट सांगतो आणि त्याच्या खांबावर दुसरे काहीही नसते. आकाशाच्या रिकाम्या पार्श्वभूमीवर एक काळी आकृती, एवढाच त्याचा संसार. भिंतीवरील सूचनेला हे भाग्य क्वचितच लाभते. सूचनेच्या कागदावर बोधचिन्हे असतात, संदर्भ क्रमांक असतो, प्रस्तावना असते, मान्यवरांची नावे असतात आणि या सर्वांच्या खाली, अक्षरे बारीक होत जातात त्या ठिकाणी, तारीख असते.

काय दाखवावयाचे आणि काय गाळावयाचे, याचा सर्वांत कसून अभ्यास ज्यांनी केला ते लोक साड्या, साबण आणि लोणी विकणारे आहेत, ही गोष्ट शासकीय कचेरीत किंवा शाळेत काहीशी विचित्र वाटण्याचा संभव आहे. फॅशनचे छायाचित्र म्हणजे श्रीमंतांची चैन, अशी एक समजूत आहे आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. परंतु या धंद्यात चित्र फसले तर पैसा बुडतो, त्यामुळे नजर कोठे जाते व कोठे टिकते याचा हिशेब तेथे फार काटेकोरपणे ठेवला गेला. तो हिशेब लोकमाहितीच्या कामाला उसना घेण्यास हरकत नसावी.

डोळ्याची मर्यादा

प्रथम डोळ्याविषयी. हात पूर्ण लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला, तर अंगठ्याच्या नखाएवढा जो भाग दिसतो, साधारण तेवढाच भाग मानवी डोळा एका वेळी खऱ्या अर्थाने स्पष्ट पाहू शकतो. बाकीचे दृश्य अंधुक असते. ते अंधुक आहे हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण डोळा स्वस्थ बसत नाही. तो सेकंदाला सुमारे तीन वेळा जागा बदलतो, एकेका ठिकाणी क्षणभर थांबतो आणि या तुकड्यांतून मन सबंध चित्र जुळविते. शाळेत हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्याने पुस्तकाच्या पानाच्या मधोमध असलेल्या एका शब्दावर नजर रोखून धरावी आणि नजर न हलविता पानाच्या कडेचा शब्द वाचण्याचा प्रयत्न करावा. तो वाचता येत नाही.

यावरून रेवसच्या प्रवाशाचे गणित मांडता येते. त्याच्याजवळ दोन सेकंद असतील तर त्याच्या नजरेला फलकावर थांबावयास सहा जागा मिळतात. फलकावर वीस गोष्टी असल्या तर त्यांतील सहा कोणत्या हे फलक लिहिणाऱ्याने ठरविलेले नसते. ते योगायोगावर सोडलेले असते. एखादे वेळी त्या सहांत पाहुण्यांचा फेटा येतो आणि तारीख राहून जाते.

डोळा कोठे आधी जातो, यासंबंधी काही गोष्टी अनुभवाने आणि शास्त्रीय निरीक्षणाने निश्चित झालेल्या आहेत. चित्रात माणसाचा चेहरा असेल तर नजर प्रथम चेहऱ्याकडे, त्यातही डोळ्यांकडे जाते. काळोखातील उजेडाकडे आणि उजेडातील काळ्या वस्तूकडे ती ओढली जाते. धूसर भागांत एकच भाग रेखीव असेल तर ती तेथे थांबते. मोकळ्या जागेत एकटी असलेली वस्तू लहान असूनही नजरेत भरते. छायाचित्रकाराची सारी साधने या चार गोष्टींच्या भोवती फिरतात.

पडदा आणि वस्त्र

वस्त्र विकणारे छायाचित्र आरंभी असे साधे नव्हते. युरोप-अमेरिकेतील जुन्या फॅशन मासिकांतून स्त्रिया महालांत, संगमरवरी जिन्यांवर, फुलदाण्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वैभव दिसे, पण झग्याची शिवण दिसत नसे. अर्व्हिंग पेन या अमेरिकन छायाचित्रकाराने (१९१७-२००९) ‘व्होग’ मासिकासाठी काम करताना हा पसारा आवरला. १९५० साली पॅरिसमध्ये त्या हंगामातील पोशाखांची चित्रे घेताना त्याने एका जुन्या नाटकगृहाचा टाकाऊ पडदा मागे लावला आणि खिडकीतून येणाऱ्या नैसर्गिक उजेडात काम केले. मागे डागाळलेला करडा पडदा, पुढे एक स्त्री, तिच्या अंगावर एक वस्त्र. चौथी गोष्ट नाही. वस्त्राची बाह्यरेषा अशी उठून दिसू लागली की, ती कात्रीने कापून काढावी. त्याचाच समकालीन रिचर्ड ॲव्हेडन याने पुढे पांढऱ्या कोऱ्या पार्श्वभूमीवर माणसे उभी केली.

नाटकाच्या पडद्याचा हा उपयोग महाराष्ट्राला परका वाटू नये. रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यापुढे उभे असलेले कुटुंब हे गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओतील नेहमीचे दृश्य होते. फरक इतकाच की, आपल्या स्टुडिओतील पडदा माणसाशी स्पर्धा करीत असे आणि पेनचा पडदा माणसाला जागा करून देत असे.

गौतम राजाध्यक्ष

मराठी माणसाच्या परिचयातील या कलेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११). मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून शिक्षण घेऊन ते १९७४ साली ‘लिंटास’ या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्रण विभागात दाखल झाले आणि १९८७ पर्यंत तेथे होते. त्यानंतर त्यांनी स्वतंत्रपणे पूर्ण वेळ छायाचित्रण केले. चित्रपट, संगीत व समाजजीवनातील अनेक नामवंतांच्या त्यांनी घेतलेल्या प्रतिमांचा ‘चेहरे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ग्रंथाचे नावच त्यांची पद्धत सांगणारे आहे. ज्या काळात चित्रपट मासिकांच्या मुखपृष्ठांवर भडक रंग, मोठे दागिने आणि त्याहून मोठी केशरचना यांचे राज्य होते, त्या काळात राजाध्यक्षांनी चेहरा पुढे आणला. मऊ प्रकाश, शांत पार्श्वभूमी, जवळून घेतलेली चौकट आणि स्पष्ट उमटलेले डोळे ही त्यांच्या चित्रांची ओळख बनली. दागिना असला तरी तो चेहऱ्याची सेवा करी. ज्यांचे चेहरे हजारदा पाहिलेले होते अशा व्यक्ती या चित्रांत जणू प्रथमच भेटल्यासारख्या वाटत, याचे कारण पाहणाऱ्याच्या नजरेला पळून जाण्यास दुसरी जागाच ठेवलेली नसे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. असे चित्र पाहताना ते सहज झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मऊ प्रकाश हा प्रकाशाचा मोठा स्रोत जवळ आणून, पांढऱ्या कापडातून गाळून किंवा पांढऱ्या पृष्ठभागावरून परावर्तित करून मिळवावा लागतो. पार्श्वभूमी धूसर करावयाची तर भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे लागते आणि माणसाला भिंतीपासून चार पावले पुढे आणावे लागते. छिद्र मोठे असले की, स्पष्टतेची खोली कमी होते. डोळे रेखीव आणि कान धूसर, इतका फरक एका चेहऱ्यातही पडू शकतो. साधेपणासाठी तयारी अधिक लागते, कमी नव्हे. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याचे भिंग लहान असल्याने त्यात मागचे सारे काही स्पष्ट येते आणि म्हणूनच फोनने फोटो घेणाऱ्याने पार्श्वभूमी आधीच निवडणे अधिक अगत्याचे असते. फोनमध्ये नंतर करण्यात येणारी धूसरता ही गणिताने केलेली असते; केसांच्या व पदराच्या कडा ती पुष्कळदा खाऊन टाकते.

पदर दाखवावयाचा की बाई?

पैठणीचे उदाहरण घेतले म्हणजे हा विचार अधिक स्पष्ट होतो. पैठणीचे वैभव तिच्या पदरात असते. जरीच्या भरगच्च विणीत मोर, वेल, कमळ उमटलेले असतात. बचतगटाच्या किंवा विणकर संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकात मात्र पुष्कळदा असे दिसते की, पैठणी नेसलेली युवती नथ, ठुशी, वाकी, गजरा अशा संपूर्ण शृंगारात, कारंज्याशेजारी, गुलाबांच्या ताटव्यात उभी आहे आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे. नजर प्रथम तिच्या डोळ्यांकडे जाते, मग नथीकडे, मग गुलाबांकडे. पदर तिच्या पाठीमागे असतो.

अनुभवी छायाचित्रकार येथे आधी एक प्रश्न विचारील : विकावयाचे काय आहे? पदर विकावयाचा असेल तर दागिने उतरतील, पार्श्वभूमी गडद व कोरी होईल, पदर हातावर पुढे येईल. युवतीने कॅमेऱ्याकडे न पाहता पदराकडे पाहिले तर पाहणाराही तिच्या नजरेमागून पदराकडेच जाईल. कारण दुसरा माणूस जेथे पाहतो तेथे पाहण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. उजेड समोरून पडला तर जरीचा एकच पांढरा चकचकाट होतो आणि वीण नाहीशी होते. तोच उजेड एका बाजूने, काहीसा तिरपा आला की, प्रत्येक धाग्याची बारीक सावली पडते आणि विणकराचे काम दिसू लागते. कॅमेऱ्यावरील फ्लॅश बंद ठेवून सकाळच्या वेळी दाराशी घेतलेले चित्र या कामी अधिक उपयोगी पडते.

रेवस-बोडणी भागातील कोळी स्त्रियांचे काष्टा घातलेले लुगडे हेही वस्त्रच आहे आणि कोणत्याही फॅशनच्या चित्राला शोभेल असे आहे. पण शासकीय वा पर्यटनविषयक प्रसिद्धीत ते येते ते होड्या, जाळी, सूर्यास्त, माड आणि नृत्याची रांग यांच्यासह. त्या गर्दीत लुगड्याचा कस, निऱ्यांची ठेवण आणि उभे राहण्याची ढब हरवते. मागे केवळ ओहोटीची राखाडी वाळू आणि पुढे एक मध्यमवयीन कोळीण, तिच्या कामाच्या वेषात, असे चित्र कोणी घेतले तर त्यात कोकण कमी दिसेल असे मानण्याचे कारण नाही.

एक मुलगी, एक ओळ

छायाचित्राबाबत जे खरे तेच जाहिरातीबाबत अधिक खरे आहे, कारण जाहिरात कोणी मागितलेली नसते. १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत फोक्सवॅगन या लहान जर्मन मोटारीची जाहिरात करावयाची होती. त्या काळी मोटारींच्या जाहिराती लांबलचक रंगीत गाड्या, बंगले आणि हसरी कुटुंबे यांनी भरलेल्या असत. डॉइल डेन बर्नबाख या संस्थेतील हेल्मट क्रोन आणि ज्यूलियन केनिग यांनी जवळजवळ सबंध पान कोरे सोडले, त्यात एका बाजूला लहानशी गाडी ठेवली आणि लहान विचार करा, अशा अर्थाचे दोन शब्द खाली घातले. गाडीचे लहानपण हेच तिचे वैगुण्य मानले जात होते; कोऱ्या पानाने तेच नजरेत भरविले.

भारतात याच्या जवळचे उदाहरण १९६६ सालापासून चालत आलेले आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा व चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी अमूल लोण्यासाठी ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी निर्माण केली. मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांवर ती आली ती एका चित्रासह आणि एका ओळीसह. विषय दर आठवड्याला बदलला तरी मांडणी बदलली नाही. बसमधून जाणाऱ्या माणसाला तेवढेच वाचता येते, हे त्या फलकाने कधी विसरले नाही. ‘लिंटास’ने १९७० च्या दशकात केलेल्या लिरिल साबणाच्या जाहिरातीतही धबधबा, त्याखाली नाहणारी तरुणी आणि हिरवा रंग यांखेरीज सांगण्यासारखे काही नव्हते, साबणाचे गुणधर्म त्यात शोधावे लागत नसत, पाण्याचा गारवा आधी पोहोचत असे.

मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. वृत्तपत्रातील जागा मोजून विकली जाते. दोन स्तंभांच्या चौकोनात नाटकाचे नाव, नाटककार, कलावंत, नाट्यगृह आणि वेळ एवढे बसवावयाचे आणि शेजारी तशाच वीस चौकोनांची दाटी. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी अक्षरांनाच चित्राचे काम दिले. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात काम केलेल्या या अक्षरकाराने नाटकाच्या नावाच्या वळणातच त्याचा स्वभाव उतरविला. ऐतिहासिक नाटकाचे अक्षर निराळे, फार्सचे निराळे. चित्राला जागा नव्हती म्हणून अक्षर चित्र झाले. मुंबईतील सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली, तेव्हापासून मांडणी, अक्षर आणि मोकळी जागा यांचा रीतसर अभ्यास महाराष्ट्रात होत आला आहे. त्या अभ्यासाचा लाभ तालुक्याच्या गावातील फलकापर्यंत फारसा पोहोचला नाही, असे मात्र म्हणावे लागते.

आपल्याकडील डोळ्याला भरगच्चपणाच आवडतो, असा एक आक्षेप यावर घेतला जातो. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, दिनदर्शिकांवरील देवदेवता, लग्नाचा मांडव यांची उदाहरणे दिली जातात. आक्षेपात तथ्य आहे. पण दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे डोळ्यांसमोर आणली तर रंगांची श्रीमंती कितीही असली तरी मधली आकृती पुष्कळदा एकच असल्याचे आढळते. भरगच्चपणा आणि गोंधळ या दोन वस्तू आहेत. वाढदिवसाच्या फ्लेक्स फलकावर शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे एका मापाचे बसविले जातात, तेव्हा त्यांपैकी एकही चेहरा लक्षात राहत नाही. ज्याचा वाढदिवस असतो त्याचाही नाही.

लाल त्रिकोणाची साक्ष

शासकीय प्रसिद्धीने साधेपणाचा सर्वांत मोठा प्रयोग केला तो कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमात. टोक खाली असलेला लाल त्रिकोण आणि आई, वडील, मुलगा, मुलगी असे चार चेहरे हे चिन्ह १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर पोहोचले. केंद्र शासनाच्या कुटुंब नियोजन विभागातील अधिकारी दीप त्यागी यांचे नाव या मोहिमेशी जोडलेले आहे. वाचता न येणाऱ्याला कळावे, गावातील रंगाऱ्याला कोणत्याही भिंतीवर काढता यावे आणि भाषा बदलली तरी बदलावे लागू नये, या तिन्ही कसोट्यांना ते चिन्ह उतरले. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले.

परंतु त्याचीच दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा अभ्यास पुरा होणार नाही. १९७५-७७ च्या आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या दिवसांत लाल त्रिकोण पाहून माणसे केंद्राकडे येण्याऐवजी वाट बदलू लागली. १९७७ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ करण्यात आले. चिन्ह जितके सोपे, तितके ते लवकर लक्षात राहते, आणि लक्षात राहते ते त्याच्यामागे घडलेल्या व्यवहारासह.

व्यापारी जाहिरातीलाही हा अनुभव आला. एकच चेहरा दाखवावयाचा आणि तो गोराच दाखवावयाचा, ही पद्धत इतकी रुळली की, सावळ्या मुलींनी आरशात पाहताना लाजावे असा संस्कार घडला. त्यावरील टीकेनंतर ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातील गोरेपणाचा शब्द २०२० मध्ये वगळण्यात आला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चौकटीबाहेर काय ठेवले, याची जबाबदारी चौकट आखणाऱ्यावर येतेच. म्हणून पंचायतीने योजनेचा फलक सोपा करताना पात्रतेची अट गाळू नये. ती दुसऱ्या, जवळ जाऊन वाचावयाच्या कागदावर पूर्णपणे द्यावी आणि तो कागद कोठे मिळेल एवढे फलकावर लिहावे.

रेवस ते अलिबाग

या विवेचनाचा उपयोग करून पाहण्यास रेवस-अलिबाग पट्ट्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा खंडाळे, कार्ले, नेहुली या भागांत भाताच्या पिकानंतर घेतला जातो आणि त्याच्या माळा विणून विकल्या जातात. बचतगटांच्या स्त्रिया आता फोनवर त्याचे फोटो पाठवून मागणी घेतात. ढिगाचा फोटो घेतला तर तो कोणत्याही बाजारातील कोणताही कांदा ठरतो. एकच माळ जुन्या, काळपट लाकडी दारावर टांगून, बाजूच्या उजेडात घेतली तर पातींची वीण, कांद्याची मोत्यासारखी कांती आणि बारीक आकार ही तिन्ही लक्षणे दिसतात. ग्राहक ज्यासाठी अधिक पैसे देतो ती हीच लक्षणे आहेत. खर्च काहीच येत नाही. शेजारची पाणी भरण्याची बादली बाजूला करावी लागते.

सूचनाफलकाचेही तसेच आहे. ‘सर्व ग्रामस्थांस या सूचनेद्वारे कळविण्यात येते की’ येथून आरंभ करून आठव्या ओळीत तारखेला पोहोचण्याऐवजी ‘लसीकरण. गुरुवार, सकाळी ९. मराठी शाळा.’ इतके शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि वर लस घेणाऱ्या एकाच बालकाचे चित्र असावे. आदेशाचा क्रमांक, विभागाचे नाव आणि स्वाक्षरी खाली लहान अक्षरांत येऊ शकते. कायद्याला तेवढे पुरते.

शिक्षकांनी मुलांकडून फलकांची परीक्षा करवून घ्यावी. फलक पाठमोरा ठेवून मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत तो मुलांपुढे फिरवावा, पुन्हा झाकावा आणि काय दिसले ते प्रत्येकाला पाटीवर लिहावयास सांगावे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी एकच गोष्ट लिहिली तर फलक उतरला. प्रत्येकाने निराळी गोष्ट लिहिली तर काय गाळावे हे त्या पाट्यांवरूनच कळते. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तिच्यातून अंगण पाहावयास लावणे, हा छायाचित्रणाचा पहिला धडा कॅमेऱ्यावाचून देता येतो.

अक्षरांच्या मापाचा साधारण ठोकताळा असा की, फलक ३ मीटरवरून वाचावयाचा असेल तर अक्षराची उंची अडीच सेंटिमीटर, ६ मीटरवरून असेल तर ५ सेंटिमीटर असावी. देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा लागते, म्हणून दोन ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक ठेवावे. पिवळ्यावर काळे किंवा गडद निळ्यावर पांढरे हे जोड दुरून ठळक दिसतात. लालावर हिरवे टाळावे. काही पुरुषांना जन्मतःच या दोन रंगांतील भेद कळत नाही. चौकटीच्या कडेने हाताच्या चार बोटांएवढी जागा कोरी सोडावी आणि ती कोणत्याही कारणाने भरू नये, मग ते कारण कितीही मान्यवर असो.

रेवससारख्या खाऱ्या वाऱ्याच्या ठिकाणी लोखंडी पत्र्याला लवकर गंज चढतो, त्यामुळे फलक रंगविण्यापूर्वी गंजरोधक रंगाचा हात देणे इष्ट ठरते. हे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत आटोपले तर रंग वाळण्यास कोरडे दिवस मिळतात. राहता राहिला प्रश्न जुन्या कागदांचा. सूचना लावण्याचा आदेश निघतो, काढण्याचा सहसा निघत नाही, आणि एका खिळ्यावर मागील वर्षाचे चार कागद लोंबत राहतात. त्यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक सूचनेच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘काढण्याचा दिनांक’ छापावा आणि तो दिनांक उलटला की, पंचायतीच्या शिपायाने कोणालाही न विचारता तो कागद उतरवावा.